वाचकांचे प्रश्न : इटालियन साहित्यात पीएच.डी. करायची आहे

इटालियन भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयांत संशोधन करू इच्छिणाऱ्यांची किंवा त्यांच्या पालकांची पत्रे अलीकडे या सदराकडे येऊ लागली आहेत. त्यांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले असून खासगी शिकवणीतून इटालियनची बी-१ (मध्यम) पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. मला इटलीत जाऊन महाकवी दान्तेवर पीएच.डी. करायची आहे. इटालियन विषयातील एम.ए. नसताना प्रवेश मिळू शकतो का? निर्वाहासाठी किती पैसे मिळतात? आणि कोणते विद्यापीठ निवडावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत, म्हणून ती आधी देतो. इटलीत डॉक्टरेटच्या प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. ती त्याच विषयातील असली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. आपल्याकडची तीन वर्षांची बी.ए. आणि त्यावरची दोन वर्षांची एम.ए. सामान्यतः ग्राह्य धरली जाते. मात्र आपली विषयाची तयारी पुरेशी आहे की नाही हे निवड समिती ठरवते, आणि इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्यासमोर जाताना इटालियन ग्रंथांचे स्वतःचे वाचन दाखवावेच लागते.

प्रवेश स्पर्धेतून होतो. प्रत्येक विद्यापीठ वर्षातून एकदा, बहुतेक वेळा वसंत ऋतू ते उन्हाळा या काळात, ‘बांदो’ म्हणजे जाहीर अधिसूचना काढते. तिच्यात एकूण जागा किती, त्यांपैकी निर्वाहवेतनाच्या किती, परदेशी पदवीधरांसाठी काही जागा राखीव आहेत का, मुलाखत कोणत्या भाषेत होईल, हे सारे लिहिलेले असते. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो, त्याला आणि आजवरच्या शैक्षणिक कामाला गुण दिले जातात, आणि त्यात पार पडलेल्यांची मुलाखत होते. काही ठिकाणी लेखी परीक्षाही असते. निवड झालेल्यांचे काम शरद ऋतूत, बऱ्याच विद्यापीठांत 1 नोव्हेंबरपासून, सुरू होते आणि त्याची मुदत किमान तीन वर्षांची असते. निर्वाहवेतनाची किमान रक्कम 2022 मध्ये वाढवून वर्षाला 16,243 युरो करण्यात आली. सामाजिक सुरक्षेचा हप्ता तिच्यातून कापला जातो, त्यामुळे हातात येणारी रक्कम कमी असते. संशोधनासाठी इटलीबाहेर राहावे लागले तर त्या काळापुरती तिच्यात पन्नास टक्क्यांपर्यंत वाढ मिळते. लहान शहरात काटकसरीने राहणाऱ्याचे यात भागते. मिलान, रोम किंवा बोलोन्यात खोलीचे भाडेच मोठा घास घेते. बांदोमध्ये निर्वाहवेतनाविना काही जागाही असू शकतात. घरून तीन वर्षांचा खर्च करण्याची ऐपत असल्याखेरीज तशी जागा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पूर्णवेळ संशोधनाबरोबर पोटापाण्याची नोकरी करताना बहुधा संशोधनच मागे पडते.

कागदपत्रांचे काम निवडीनंतर सुरू करायचे, असे समजू नका. पदवीपत्रांची राज्य शासनाकडून पडताळणी, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, अधिकृत इटालियन भाषांतर आणि मग आपली पदवी इटलीतील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे हे सांगणारे इटालियन वकिलातीचे मूल्यघोषणापत्र किंवा रोममधील ‘चिमेआ’ या संस्थेचे तुलनापत्र, अशी ही साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी वेळ खाते. इटलीत पोहोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो आपण शेवटी विचारला असला, तरी मला त्याच्याविषयीच अधिक लिहावेसे वाटते. ‘दान्तेवर पीएच.डी.’ हा विषय होत नाही. ती इच्छा आहे, आणि चांगली इच्छा आहे. पण इटालियन निवड समिती पहिल्याच मिनिटात विचारेल की दान्तेच्या कोणत्या ग्रंथातील कोणता प्रश्न, त्यावर आजवर काय झाले आहे, आणि तो आपण कोणत्या पद्धतीने सोडवणार. इटालियन विद्यापीठांत हे क्षेत्र स्वतंत्र शाखांत विभागलेले आहे. इटालियन साहित्य, समकालीन इटालियन साहित्य, इटालियन भाषाशास्त्र, इटालियन साहित्याचे संहिताशास्त्र आणि तौलनिक साहित्य यांच्या नेमणुका वेगळ्या होतात, आणि यांपैकी आपण कोठे बसतो हे आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदातच दिसावे लागते. आपल्याकडे साहित्याच्या संशोधनात सिद्धान्ताची चौकट आधी मांडून मग कृतीकडे वळण्याची सवय लागलेली आहे. इटलीत उलट चालते. ‘आपण नेमकी कोणती संहिता वाचत आहोत, ती कोणी, केव्हा आणि कशावरून सिद्ध केली?’ हा प्रश्न तेथे आधी येतो.

हे म्हणजे काय, ते एका उदाहरणातून पाहा. चौदाव्या शतकातील कवी पेत्रार्का याच्या इटालियन कवितांच्या दोन हस्तलिखितांचे क्रमांक तेथील प्रत्येक संशोधकाच्या तोंडी असतात : व्हॅटिकन ग्रंथालयातील लॅटिन विभागातील 3195 आणि 3196. पहिले हे कवितासंग्रहाचे शेवटचे रूप आहे. त्याचा काही भाग लेखनिकाने पेत्रार्काच्या देखरेखीखाली लिहिला आणि उरलेला कवीने स्वतः लिहिला. दुसरे म्हणजे कच्चे मसुदे. त्या पानांवर खोडलेल्या ओळी आहेत, ओळीवर लिहिलेले पर्यायी शब्द आहेत, आणि कडेला कवीने स्वतःसाठी केलेल्या लॅटिन नोंदी आहेत : अमुक कविता अमुक दिवशी नक्कल करून घेतली, अमुक ओळ पुन्हा पाहायची आहे. एका नोंदीत तर तो लिहितो की रात्री झोप लागेना, म्हणून उठलो, आणि मग जुनी कविता पुन्हा हाती घेतली. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा कवी शब्द बदलताना आपल्याला प्रत्यक्ष दिसतो. लेखकाने केलेल्या बदलांचा असा अभ्यास ही इटलीत एक स्वतंत्र आणि सन्मानाची शाखा आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील मांझोनीच्या कादंबरीपासून विसाव्या शतकातील कवींपर्यंत तिच्यावर प्रबंध लिहिले जातात.

दान्तेची गोष्ट याहून कठीण आहे, कारण त्याच्या हातचा एकही कागद शिल्लक नाही. त्याच्या ‘कोमेदिया’ या महाकाव्याच्या सुमारे 800 हस्तलिखित प्रती आहेत आणि त्यांचे परस्परसंबंध हा संशोधकांचा आयुष्यभराचा विषय आहे. जगभरातले उत्तम विद्यार्थी या एका ग्रंथाभोवती गर्दी करून आहेत. म्हणून दान्ते सोडून द्या, असे मी म्हणत नाही. पण आपल्या हाती अशी कोणती गोष्ट आहे, जी फ्लॉरेन्सच्या विद्यार्थ्याच्या हाती नाही, याचा विचार करून मग प्रश्न निवडा. दान्ते भारतीय भाषांत कोणत्या वाटेने आला, इंग्रजीतून की मुळातून, आणि त्या वाटेने त्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्यासारख्या वाचकाच्या आवाक्यातला आहे. शिवाय त्यासाठी मूळ इटालियन आणि मराठी दोन्ही येणारी व्यक्तीच लागते.

भाषेविषयी मात्र कठोरपणे लिहावे लागते. बी-१ पातळीवर वर्तमानपत्र वाचता येते, प्रबंध लिहिता येत नाही. इटालियन माध्यमाच्या अभ्यासक्रमांसाठी बी-२ पातळी सामान्यतः किमान समजली जाते. साहित्यातील डॉक्टरेटसाठी प्रत्यक्षात सी-१ पातळी नसेल तर मुलाखतीतच अडचण येते. सिएना आणि पेरुजा येथे विदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या दोन विद्यापीठांची ‘चिल्स’ आणि ‘चेली’ ही प्रमाणपत्रे सर्वत्र मानली जातात. दान्ते अलिगिएरी सोसायटीचे ‘प्लीदा’ही चालते. यातली एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. पिएत्रो बेम्बो या विद्वानाने 1525 मध्ये चौदाव्या शतकातील पेत्रार्का आणि बोकाच्चो यांची भाषा लेखनासाठी आदर्श ठरवली, आणि त्यानंतर कित्येक शतके इटालियन ही मुख्यतः लिहिण्याची भाषा राहिली. 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा अवघे अडीच टक्के लोक ती बोलत होते, असा भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज होता. इतरांनी तो आकडा सुमारे दहा टक्क्यांपर्यंत नेला, तरी मुद्दा तोच राहतो. बोलीभाषा घरोघरी बदलत राहिल्या आणि लेखी भाषा पुष्कळशी स्थिर राहिली, म्हणूनच आजची इटालियन नीट शिकलेला वाचक सातशे वर्षांपूर्वीचे काव्य टिपांच्या आधाराने वाचू शकतो. दान्तेसाठी लॅटिनही लागेल, कारण लोकभाषेची थोरवी सांगणारा त्याचा ग्रंथच त्याने लॅटिनमध्ये लिहिला आहे. लॅटिनचा आरंभ आजच करा. तिकडे गेल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.

नाशिकमध्ये बसूनही पुष्कळ काम होते. व्हॅटिकनची उपर्युक्त हस्तलिखिते ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानागणिक पाहता येतात. फ्लॉरेन्समध्ये 1583 मध्ये स्थापन झालेल्या ‘आक्कादेमिया देल्ला क्रुस्का’ या भाषासंस्थेचा कोश, 1612 च्या पहिल्या आवृत्तीपासून पुढच्या सर्व आवृत्त्यांसह, विनामूल्य शोधता येतो. प्राचीन इटालियनचा ‘तेझोरो’ हा ऐतिहासिक कोशही खुला आहे. आराखडा लिहिण्यापूर्वी या साधनांवर हात बसला असेल, तर तो आराखडा वाचणाऱ्याला लगेच जाणवतो.

विद्यापीठ यानंतर निवडावे. पिसाची 1810 मध्ये स्थापन झालेली ‘स्कुओला नोर्माले’ हे या विषयातील सर्वांत मानाचे स्थान आहे आणि तेथील स्पर्धाही तशीच तीव्र असते. पाडुआ, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, सिएना येथे या विषयांची जुनी परंपरा आहे. पण नावावर जाऊ नका. आपला प्रश्न ज्यांच्या कामाला लागून आहे, असे दोन-तीन प्राध्यापक शोधा, त्यांचे लेख इटालियनमधून वाचा, आणि मग त्यांना नेमका प्रश्न विचारणारे छोटे पत्र इटालियनमध्येच लिहा. इटलीला जाणे शक्य नसेल तर दिल्ली विद्यापीठात आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इटालियनचे अध्ययन होते, आणि तौलनिक साहित्य हा नेट परीक्षेचा विषय असल्याने त्या वाटेनेही भारतात राहून हा अभ्यास करता येतो.

प्रश्न : माझ्या मुलीने अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर इटालियन भाषेत पुढील शिक्षण घेऊन पीएच.डी. करण्याचे ठरवले आहे. आम्ही तिला विरोध करत नाही. परंतु एवढी वर्षे घालवल्यावर तिला पुढे काम मिळेल का, याची काळजी वाटते.
– एक पालक, पुणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. भारतात विद्यापीठीय पातळीवर इटालियन शिकवण्याच्या कायमस्वरूपी जागा अगदी थोड्या आहेत, आणि इटलीतही मानव्यशाखांत डॉक्टरेटनंतर स्थिर नोकरी मिळेपर्यंत स्थानिक उमेदवारांना वर्षानुवर्षे तात्पुरत्या करारांवर काढावी लागतात. केवळ प्राध्यापकी डोळ्यांसमोर ठेवून या वाटेने जाऊ नये.

परंतु आपल्या कन्येची अभियांत्रिकी वाया गेलेली नाही. जुन्या ग्रंथांच्या डिजिटल संहिता सिद्ध करणे, हस्तलिखितांतील पाठभेद संगणकाच्या साहाय्याने मांडणे, ऐतिहासिक कोशांचे भांडार चालवणे, ही कामे इटलीत नेटाने चालू आहेत, आणि तेथे साहित्याचे मर्म व संगणकाचे तंत्र दोन्ही जाणणारी माणसे लागतात. तिने पदव्युत्तर शिक्षण त्या दिशेने घेतले, तर डॉक्टरेटच्या स्पर्धेतही तिचे पारडे जड राहील. याशिवाय भारत आणि इटली यांच्यातील औद्योगिक व्यवहारांमुळे दुभाषी व भाषांतरकाराचे काम पुण्या-मुंबईत मिळते. इटालियन पुस्तकाचे भाषांतर काढणाऱ्या परदेशी प्रकाशकांना इटलीचे परराष्ट्र मंत्रालय अनुदान देते, आणि मराठी प्रकाशकांनीही त्याचा लाभ घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण इंग्रजीवरून मराठीत आलेले इटालियन साहित्य आपण पुष्कळ वाचले. मुळावरून भाषांतर करणारी माणसे अजून फार थोडी आहेत.

प्रश्न : मी इतिहासाचा पदवीधर असून गोव्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकांवर काम करू इच्छितो. इटालियन प्रवाशांची वर्णने इंग्रजी भाषांतरांत उपलब्ध आहेत. तेवढ्यावर प्रबंध होईल का, की इटालियन शिकणे अपरिहार्य आहे? आणि असा विषय इटालियन विभागात घेता येतो का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : इटालियन शिकणे अपरिहार्य आहे, आणि ते का, हे आपल्याच विषयातून दाखवता येईल.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदार 1623 मध्ये सुरतेला उतरला, गोव्यात राहिला आणि तेथून कर्नाटकातील इक्केरीच्या नायकांच्या दरबारी जाऊन आला. त्याची वर्णने म्हणजे नेपल्समधील आपल्या वैद्य मित्राला लिहिलेली पत्रे आहेत. ती पुढे 1650 ते 1663 या काळात छापली गेली. आपण आज इंग्रजीत जे वाचतो ते मुळात 1664 चे भाषांतर आहे आणि 1892 ची प्रसिद्ध आवृत्तीही त्यावरच उभी आहे. म्हणजे रोमन सरदाराची शैली, त्याचे ग्रीक-लॅटिन संदर्भ, मित्राशी बोलण्याचा त्याचा सूर, हे सगळे आपण सतराव्या शतकातील एका इंग्रज भाषांतरकाराच्या चाळणीतून घेत असतो. घटना आणि तारखा या चाळणीतून खाली येतात, लेखक वरच राहतो.

जेमेल्ली कारेरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. हा कालाब्रियाचा कायदेपंडित 1695 मध्ये दमण, वसई, कान्हेरीची लेणी आणि गोवा पाहून कृष्णाकाठी गलगले येथे औरंगजेबाच्या छावणीत पोहोचला. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन धामधुमीतले हे वर्णन असल्याने आपल्या इतिहासकारांनी ते वापरले. सुरेन्द्रनाथ सेन यांनी 1949 मध्ये त्याचा भारतविषयक भाग इंग्रजीत संपादित करून दिला. परंतु त्याचा ‘जगाची प्रदक्षिणा’ हा सहा खंडांचा ग्रंथ नेपल्समध्ये 1699 पासून प्रसिद्ध झाल्यावर युरोपात बराच काळ असा संशय घेतला गेला की हा माणूस इतका फिरलाच नाही, त्याने इतरांच्या पुस्तकांतून मजकूर उचलला. आज त्याचा प्रवास खरा मानला जातो, तरी पाहिलेले कोणते आणि वाचलेले कोणते, हा प्रश्न पानोपानी उरतोच. तो सोडवण्यासाठी त्याचे इटालियन वाक्य त्याच्या आधीच्या इटालियन आणि पोर्तुगीज ग्रंथांतील वाक्यांशेजारी ठेवून पाहावे लागते. इंग्रजी भाषांतरावर हे काम करणे अशक्य आहे, आणि वसई ते गलगले हा भूभाग, तेथील गावे, जाती, सण आणि पिके ओळखणाऱ्या अभ्यासकाला ते जितके साधेल तितके इतरांना साधणार नाही. मला विचाराल, तर कारेरीच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रकरणांची टीपांसह सिद्ध केलेली संहिता हा डॉक्टरेटचा उत्तम विषय आहे आणि तो इटालियन विभागात निःशंकपणे बसतो, कारण प्रवासलेखन ही तेथे साहित्याचीच शाखा मानली जाते.

आपल्या मडगावाच्या अगदी शेजारचा विषयही आहे. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांमध्ये, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक संघाच्या सदस्यांमध्ये, रुदोल्फो आक्वाविवा होता; तो त्याआधी अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून आला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती कोचीनला उतरला आणि 1588 मध्ये गोव्यात वारला. मिरीच्या व्यापारासाठी आलेल्या या माणसाने मायदेशी लिहिलेल्या पत्रांत वारे, औषधी वनस्पती, हिशेब आणि लोकांचे रीतिरिवाज तर आहेतच. संस्कृत आणि इटालियन यांतील शब्दांच्या साम्याची नोंदही आहे, आणि हे साम्य पुढे प्रसिद्धीस आणणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीची ती आहे. सास्सेत्ती फ्लॉरेन्सच्या साहित्यसभांत वावरलेला होता, त्यामुळे त्याची पत्रे भाषाशैलीसाठीही वाचली जातात. एक धर्मप्रचारक आणि एक व्यापारी, दोघेही इटालियन, दोघेही एकाच दशकात पोर्तुगीज गोव्यात. त्यांच्या पत्रलेखनाची तुलना करून पाहावी असे फार दिवस माझ्या मनात आहे, आणि ती कोणी हाती घेतली तर मला अतिशय आनंद होईल. कुंकळ्ळीच्या घटनेकडे गोव्यातील लोक आज पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा उठाव म्हणून पाहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. रोमला गेलेली पत्रे ती हौतात्म्याची कथा म्हणून सांगतात. दोन्ही बाजू सारख्याच गांभीर्याने वाचणारा अभ्यासक या विषयाला हवा आहे.

पोर्तुगीज आपल्याला वाचता येत असेल असे गृहीत धरतो. तसे असल्यास इटालियन वाचायला फार काळ लागणार नाही. मात्र छापील मजकुरापलीकडे जायचे तर सोळाव्या शतकातील हस्ताक्षरे वाचण्याचे शिक्षण घ्यावे लागेल, आणि ज्याने मोडी शिकली आहे त्याला त्यासाठी लागणारा धीर आधीच अंगवळणी पडलेला असतो. आरंभ छापील साधनांपासून करा : योसेफ विकी यांनी संपादित केलेल्या ‘दोकुमेन्ता इंदिका’च्या अठरा खंडांत सोळाव्या शतकातील जेझुइट पत्रे मूळ भाषांत छापलेली आहेत. मूळ कागद रोममधील जेझुइट संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. तेथे किंवा व्हॅटिकन ग्रंथालयात जाण्यापूर्वी आपण कोण आणि नेमके काय पाहणार, हे सांगणारे मार्गदर्शकांचे पत्र सोबत ठेवा, आणि प्रवासाची तारीख ठरवताना एवढे पाहा की व्हॅटिकनचे ग्रंथालय जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असते, आणि ऑगस्टमध्ये इटलीतील इतर पुष्कळ ग्रंथालयेही एकतर बंद असतात किंवा अपुऱ्या वेळेत चालतात.